खालचं पाणी

आमच्या खडपेवाडीच्या समुद्राला दमा झालाय हे आम्हाला कळायला बरीच वर्षं लागली. तोवर आम्ही एकमेकांच्या नावाने बोटं मोडण्यात गुंतलो होतो. रापणवाले म्हणायचे, मासा मोठ्या बोटवाल्यांनी खाल्ला. बोटवाले म्हणायचे, परराज्यातले ट्रॉलर घेऊन गेले. देवळातल्या गुरवाचं मत असं, की गावाने देवीची ओटी वेळेवर भरली नाही. भांडायला आमची माणसं एका पायावर तयार असतात, मासे मात्र काही भांडून मिळत नाहीत.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर गावाने मिळून वाळूवर ओढायचे. माझे वडील, बाबी खवणेकर, या रापणीचे म्होरके. मी गौरेश, त्यांचा एकुलता मुलगा, बर्फाचा टेंपो चालवतो. पण त्या वर्षांत रापणीला लागायचे ते केंड, म्हणजे पोट फुगवून जाळं कुरतडणारे विषारी मासे, आणि टोपल्या भरभरून जेलीफिश. मासाच नाही तर बर्फ कुणाला हवा? मी लग्नाच्या मंडपांना खुर्च्या पोचवायला लागलो. बाबा रोज जाळं उन्हात पसरायचे आणि रोज गुंडाळायचे, आणि मला ते बघवायचं नाही.

अशात गोव्याकडच्या एका समुद्रसंशोधन संस्थेतून डॉ. पर्णा चिटणीस आल्या. देवळाच्या सभामंडपात त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते इतकं सोपं होतं, की इतकी वर्षं कुणी का सांगितलं नाही याचा मला राग आला.

त्या म्हणाल्या, "समुद्र दुमजली असतो. वरचं पाणी उन्हाने तापलेलं, हलकं, हवा खाल्लेलं. खालचं थंड, जड, काळोखातलं. वरचे जीव मरून खाली पडतात, कुजतात, आणि कुजताना खालचा प्राणवायू संपवतात. पूर्वी थंडीत वरचं पाणी गार होऊन जड व्हायचं आणि खाली उतरायचं. खालच्याला तेवढाच श्वास मिळायचा. आता समुद्र इतका तापलाय की वरचं पाणी गारच होत नाही. आमटीवर तुपाचा थर बसतो ना, तसं ते वर बसून राहतं."

"पण पावसात खालचा पाणी वर येता मां?" बाबांनी विचारलं. "आमचो मासो तेच्यारच पोसता."

"येतं ना. पावसाळी वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून लोटतो, त्याच्या जागी खालचं येतं. ते खत आणतं. पूर्वी खताबरोबर थोडा श्वासही असायचा, आता नुसतंच खत. तुमचा बांगडा श्वास शोधत उत्तरेला गेला. जेलीफिशला थोडक्यात भागतं, म्हणून त्या राहिल्या."

 वैरी म्हणून ज्याला धरून चार शिव्या द्याव्यात असं कुणी उरलंच नव्हतं.

बाईंनी यंत्र आणलं होतं. पाण्यावर एक मोठा तरंगा, त्याला लटकलेली तळापर्यंतची जाड नळी, आणि नळीत एका बाजूने उघडणारी झडप. लाट आली की वरचं ताजं पाणी नळीत शिरायचं, लाट ओसरली की झडप मिटून ते खाली रेटलं जायचं. वीज नको, डिझेल नको, लाटांवरच सगळा कारभार. यंत्राला सरकारी फायलीत लांबलचक नाव होतं. गावाने लोहाराचा भाता पाहिलेला, गावाने त्याला भातो म्हटलं. आमच्या उपसागराच्या तोंडाशी अशा भात्यांची रांग बसली. झडपा फोनवरून उघडता-मिटता यायच्या, आणि तो फोन सांभाळायला गावात एकच माणूस लायक निघालं, ती म्हणजे माझी बायको हर्षाली. ती आयटीआयमधून यंत्रदुरुस्ती शिकली होती आणि लग्न झाल्यापासून घरातला मिक्सर सोडून तिच्या हाताला काही लागलं नव्हतं.

"लोकांच्यो सुनो सासऱ्याचो श्वास कोंडतत," बाबा कौतुकाने सगळ्यांना सांगायचे, "आमची दर्याक श्वास देता!"

पहिल्याच भाद्रपदात बांगडा आला. रापण ओढताना दोर हाताला जड लागला तेव्हा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जाळ्याचं पोट वाळूवर आलं आणि सकाळच्या उन्हात नुसती चांदी उसळायला लागली. बाबा वाळूवर बसले आणि सर्वांदेखत हुंदके देऊन रडले. मी त्यांना उठवायला गेलो तर मला म्हणाले, "बर्फ आण मेल्या, रडतंस काय?" मी रडत नव्हतो. पण मी धावत टेंपोकडे गेलो, आणि मला वाटतं माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस होता.

हर्षालीची आई त्या आठवड्यात भेटायला आली. रोहिणी तारी, माझी सासू. मी तिला मामी म्हणतो. कांदळी हे त्यांचं गाव, डोंगराचं नाक ओलांडलं की दक्षिणेला लगेच. आम्ही समुद्रावर जगतो, कांदळी खाडीवर. तिथल्या बायका ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या काढतात. तिसऱ्या म्हणजे चिखलात रुतून राहणारे शिंपले. अख्ख्या कांदळीचं घर त्यावर चालतं, आणि त्या बायकांची म्होरकी मामी. येताना ती नेहमी पिशवीभर तिसऱ्या घेऊन यायची आणि आल्याआल्या आमच्या धंद्याची चेष्टा करायची.

"तुमचो बांगडो बेभरवशाचो," ती बाबांना म्हणायची. "मनात इला की पळान गेलो. माझी तिसरी बघा, ठेवलंय थय रवता."

बाबा हसले. त्या वेळी त्यांना कशावरही हसू येत होतं. जाताना मामीने हर्षालीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चेडवान नाव काढल्यान."

पुढच्या वर्षी पावसाळा सरत आला तेव्हा पर्णाबाईंचा फोन आला. हर्षालीने तो स्पीकरवर ठेवला, कारण ती भाकऱ्या थापत होती.

"हर्षाली, माझा एक हिशेब चुकला होता," बाई म्हणाल्या. बोलताना त्या थांबत होत्या. "भाता श्वास तयार करत नाही, फक्त हलवतो. आपण वरचं पाणी खाली ढकलतो, तेव्हा खालचं मेलेलं पाणी बाहेर जातं. मला वाटलं, बाहेर मोठ्या समुद्रात ते मिसळून जाईल. ते मिसळत नाही. तळाशी एकत्र राहतं आणि ओढीबरोबर सरकतं."

"ओढ कुठे आहे?"

"पावसाळ्यापासून दसऱ्याच्या पुढेमागेपर्यंत दक्षिणेकडे. नंतर उलटते. उलटली की ते पाणी उत्तरेला खोल भागात जाईल, तिथे कुणाचं नुकसान नाही. पण तोवर..."

"तोवर कांदळी," हर्षाली म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

बाईंनी सुचवलं, पाणी वळेपर्यंत भाते निम्मेच चालवावेत. हर्षालीने त्याच संध्याकाळी निम्म्या झडपा मिटल्या.

चार दिवसांत उपसागरातला बांगडा पृष्ठभागाला येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला. कावळे आणि घारी पाण्यावर तुटून पडल्या. काही मासा मेला, काही निघून गेला, आणि मेलेला भरतीबरोबर आमच्या दारापर्यंत आला. गावाला कारण कळायला वेळ लागला नाही. गावच्या पाणवठ्यावर कुणीतरी हर्षालीला ऐकू जाईल असं म्हणालं, "माहेर राखता आणि सासर मारता." ती घागर घेऊन तशीच घरी आली आणि कुणी म्हटलं ते तिने मला सांगितलं नाही. बाबा तिला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्यांनी स्वयंपाकघरात जेवायला येणं बंद केलं. ओट्यावर ताट मागवायचे, आणि अर्धं तसंच ठेवायचे.

मी मधे पडून पाहिलं. "अगं, कांदळीला नक्की काय होईल हे त्या बाईला तरी कुठे माहितीय? चुकतेच ना ती?"

"गौरेश, बांगड्याला कल्ले आहेत तसे परही आहेत," ती म्हणाली. "तो जाईल कुठेतरी. तिसरी कुठे जाणार रे?"

तिचं बरोबर होतं, म्हणून मला तिचा राग आला. नवऱ्यांचं असंच असतं.

कोजागिरी जवळ आली. कांदळीत त्या दिवशी दिवा सोडतात. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट साधी वाटेल, पण त्या गावाचं सगळं वर्ष तिच्यावर बेतलेलं. पावसाळाभर बायका खाडीत उतरत नाहीत, तिसरीला वाढू देतात. कोजागिरीला दिवेलागणीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी केळीच्या खोडाच्या सोपावर दिवा ठेवून तो पाण्यात सोडायचा. दिवा दक्षिणेला गेला तर पाणी अजून वळलं नाही, खाडी बंद. उत्तरेला गेला तर पाणी वळलं, उद्यापासून तिसऱ्या काढायच्या. त्याला ते वळतीचा दिवा म्हणतात. मामीच्या आजेसासूच्या काळापासून त्याने कधी दगा दिला नव्हता.

त्या संध्याकाळी मामीचा फोन आला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"वर गेलो गो दिवो! सरळ उत्तरेक गेलो, डोळ्यांनी बघितलंय. पाणी वळला. आता सोड तुझे भाते. माझ्यासाठी सासऱ्याक उपाशी ठेव नको, माका सगळा कळता."

हर्षालीने फोन ठेवला. मग तिने पर्णाबाईंना लावला.

"दिवा वरच्या पाण्यावर चालतो," बाई म्हणाल्या. "खालचं मला दिसत नाही. कांदळीसमोर तळाला मापक बसवायचा होता, त्याची मंजुरी अजून आलेली नाही. पाणी वळायची वेळ झालीय हे खरं. पण तू आठवडाभर थांबावंस असं मला वाटतं."

"आठवडाभर बांगडा राहील का?"

"बहुतेक नाही राहणार."

"आमच्या आईचा दिवा कधी चुकला नाही, मॅडम."

 बाई म्हणाल्या, "पूर्वीच्या समुद्रात चुकला नसेल."

फोन ठेवून हर्षालीने ओट्याकडे पाहिलं. बाबा ताट पुढे घेऊन बसले होते आणि जेवत नव्हते. तिने एकेक करून सगळ्या झडपा उघडल्या. मी तिच्याशेजारी उभा होतो आणि मला हायसं वाटलं. तिलाही वाटलं असावं, कारण ती आत जाऊन बाबांसाठी गरम भात घेऊन आली आणि ते तिच्यामागून स्वयंपाकघरात येऊन बसले.

पुढचे काही दिवस गावात दिवाळीच होती. गेलेला बांगडा फिरून आला. माझा टेंपो दिवसातून तीन फेऱ्या करायला लागला. पाणवठ्यावर ज्या बाईने टोमणा मारला होता तिनेच आमच्याकडे करंज्या पाठवल्या. हर्षालीने त्या परत पाठवल्या नाहीत, पण खाल्ल्याही नाहीत.

मग एका दुपारी मामीचा फोन आला. या वेळी मागे कसलाच आवाज नव्हता.

"ये जरा," इतकंच ती म्हणाली.

मी टेंपो काढला. डोंगराचं नाक ओलांडल्याबरोबर आम्हाला वास आला. कुजक्या अंड्यांचा, आणि वाऱ्याबरोबर तो घशात उतरत होता. ओहोटी होती. कांदळीची खाडी उघडी पडली होती आणि दोन्ही काठांपर्यंत चिखल पांढरा दिसत होता. मला आधी वाटलं, बगळे बसलेत. जवळ गेल्यावर दिसलं, त्या तिसऱ्या होत्या. सगळ्या चिखलातून वर आलेल्या आणि तोंडं वासलेल्या. कुर्ल्या पाणी सोडून कांदळवनाच्या झाडांवर चढून बसल्या होत्या. बायका काठावर ओळीने उभ्या होत्या आणि कुणी रडत नव्हतं, कारण बहुतेक आधीच रडून झालं होतं.

मामी गुडघाभर चिखलात उभी होती. हर्षाली चपला काढून तिच्याकडे गेली. मामीने एक पाय उचलून तिला दाखवला. पायातली चांदीची जोडवी काजळासारखी काळी झाली होती.

"सगळ्यांचीच झाली," ती म्हणाली. "घासलंव तरी जायत नाय. कसला विष म्हणायचा गो ह्या?"

ते काय होतं हे परत जायला टेंपोत बसल्यावर पर्णाबाईंनी फोनवर सांगितलं. श्वास पार संपलेल्या पाण्यात एक वायू तयार होतो. तो चांदी काळी करतो आणि जिवंत प्राण्याला मारतो. दिवा खोटं बोलला नव्हता. वरचं पाणी खरंच उत्तरेला वळलं होतं. पूर्वी वरचं वळलं की एक-दोन दिवसांत खालचंही वळायचं, कारण दोघांत फारसा दुरावा नव्हता. आता समुद्र तापून ते दोन थर इतके तुटलेत, की वरचं वाऱ्याबरोबर उत्तरेला निघालं आणि खालचं त्याच्या पोटाखालून दक्षिणेलाच जात राहिलं. आमच्या भात्यांनी रेटलेलं सगळं मेलेलं पाणी घेऊन. जड असल्यामुळे ते भरतीबरोबर तळातळाने खाडीत शिरलं. वर दिवा उत्तरेला गेला, तेव्हाच खाली मरण दक्षिणेला चाललं होतं, आणि बायका टाळ्या वाजवत होत्या.

"बी तरी उरलंय का?" हर्षालीने फोनवर विचारलं.

"पिल्लंही गेली असणार," बाई म्हणाल्या. "बाहेरून येऊन पुन्हा रुजायला वर्षं लागतील. आणि ती रुजतील तेव्हा पाणी कसं असेल, मी सांगू शकत नाही. मला माफ कर."

हर्षालीने माफ केलं की नाही मला माहीत नाही. तिने फोन बंद केला, आणि टेंपोत बसल्याबसल्या आमच्या सगळ्या झडपा मिटल्या.

संध्याकाळी गाव आमच्या अंगणात जमलं. ओरडा झाला, आरोप झाले, कुणी म्हणालं फोन काढून घ्या तिच्याकडून. हर्षाली दारात उभी राहिली.

"घेवा," ती म्हणाली. "आणि मगे तुमीच चलवा. फक्त आधी कांदळीत जावन या. चिखलात उभे रवान बघा."

कुणी फोन घ्यायला पुढे आलं नाही आणि कांदळीला जायलाही कुणी तयार झालं नाही. बाबा सगळ्यांच्या मागे उभे होते. गाव पांगल्यावर ते मला म्हणाले, "उद्या रापण लावची. मासो जीव घेवन किनाऱ्याक येतलो. जाताजाता हातात गावात तेवढो धरूया. मगे काय नाय." त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि मला त्यांचीही दया आली.

सकाळी तसंच झालं. गुदमरलेला बांगडा किनाऱ्याला इतका दाटला की पाणी काळं दिसत होतं. जाळं सोडलं, दोर वाळूवर आले, गाव ओढायला लागलं. तेवढ्यात डोंगराच्या वाटेने बायकांची रांग उतरताना दिसली. कांदळीच्या. पुढे मामी. दोराला लागलेल्या माणसांचे हात सैल झाले. एवढ्या बायका कशाला आल्यात, हे सांगायला नको होतं. कुणीतरी बाबांना म्हणालं, "आता भांडाण होतला."

भांडण झालं नाही. मामी दोराशी आली, पदर खोचला आणि दोर धरला. तिच्यामागे बाकीच्या बायकांनी धरला. रापणीचा कायदा असा, की दोराला ज्याचा हात लागला त्याचा वाटा. गावचा असो, परगावचा असो, वाटेने जाणारा असो, त्याला नको म्हणता येत नाही. हा कायदा कुणी लिहिलेला नाही आणि मोडलेलाही नाही. बाबांनी घसा खाकरला, आणि ओढायची हाक दिली.

बायका आमच्याबरोबर मागे मागे सरकत ओढत राहिल्या. दोराशी हर्षाली होती, तिच्या आईच्या पुढ्यात. मासा उदंड लागला. इतका उदंड मासा लागलेला असताना इतकी शांतता मी किनाऱ्यावर कधी पाहिली नव्हती. बाबांनी वाटे घातले. कांदळीच्या बायकांचे वाटे त्यांनी स्वतःच्या हाताने भरले आणि ते आमच्या वाट्यांपेक्षा मोठे होते. कुणी हरकत घेतली नाही.

बायका टोपल्या घेऊन निघाल्या. मामी मात्र आमच्या घरी आली. हर्षालीने भात टाकला, बांगड्याचं तिखलं केलं. मामी चुलीपाशी पाटावर बसली. मी दाराच्या चौकटीशी टेकलो होतो. बाबा ओट्यावर होते, पण त्यांना ऐकू येत होतं.

"भाते बंद कित्या केलंस?" मामीने विचारलं.

"कित्या म्हणजे? तुझ्यासाठी."

"माझा मरूचा ता मरान गेला. तू बंद केलंस म्हणान ता जिता होवचा नाय. तुझो सासरो मात्र मरतलो."

"मगे काय करू आये? तूच सांग."

मामीने भाताचा घास कालवला, पण तोंडात घातला नाही.

"आमका दी," ती म्हणाली.

"काय?"

"भाते. कांदळीच्या तोंडार. तुझी ती बाई आसा, तेका सांग. आमी बायलोच सांभाळतलव. आमचा पाणी ताजा झाला तर दोन-तीन वर्सांनी तिसरी परत धरात."

 हर्षालीला उत्तर माहीत होतं, मलाही होतं. तरी तिने विचारलं, कारण कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

"तुमच्या भात्यांनी खालचा पाणी खय जातला?"

"दक्षिणेक."

"दक्षिणेक शेवरा."

"शेवरा खय आसा ता माका सांग नको," मामी शांतपणे म्हणाली. "माझा माहेर आसा ता."

शेवऱ्याला हर्षालीचा दिगूमामा राहतो. खडकांना चिकटून राहणारे शिंपले, म्हणजे कालवं, वाढवतो. लहानपणी हर्षालीची सगळी मे महिन्याची सुट्टी त्याच्याकडे जायची. आमच्या लग्नात त्याने कालवांचं एवढं मोठं पातेलं आणलं होतं, की आमचे पाहुणे जेवण सोडून त्याच्याभोवती जमले होते.

"दिगूमामाक काय सांगतलंस?" हर्षालीचा आवाज फुटला.

"कायच नाय. आता सांगून तो काय करतलो? झोप जायत तेची." मामीने ताटातल्या बांगड्याचा काटा बाजूला केला. "एक दिवस तो माझ्या दारात येतलो. मी तुझ्या दारात इलंय तसोच. मी तेका आधी जेवक घालतलंय. मगे तुझो नंबर देतलंय."

बाहेर ओट्यावर बाबा खोकले. हर्षाली रडत होती, तोंडावर हात दाबून, आवाज न करता. मला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण त्या क्षणी ती माझी बायको नव्हती, त्या बाईची मुलगी होती, आणि मी चौकटीशीच उभा राहिलो. शेवऱ्याच्या पुढे आणखी गावं आहेत, पुढे गोवा, पुढे कारवार. प्रत्येक गावात कुणाचं तरी माहेर आहे. हे पाणी शेवटी कुठे जाऊन थांबणार, असं मी पर्णाबाईंना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "ज्यांना भाता मिळणार नाही त्यांच्याकडे."

मामी जेवून उठली. हात धुतले. मग फळीवरचा हर्षालीचा फोन घेऊन तिच्याजवळ येऊन बसली.

"गप. रडा नको. उघड आता तुझे. सासरो उपाशी रवतलो."

हर्षालीने डोळे पुसले आणि फोन घेतला. पहिल्या भात्याचं लाल टिंब हिरवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्या टिंबावर ती बोट नेत असताना मामीने तिचा हात धरला.

"रव. कसा करतत ता माका दाखव," ती म्हणाली. "माका शिकूचा आसा."

हर्षालीने फोन तिच्यापुढे धरला. चिखलाने रापलेलं, धुतल्यामुळे अजून ओलं असलेलं मामीचं बोट काचेवर आधी लागलंच नाही. तिने ते पदराला पुसलं आणि पुन्हा दाबलं.